ज्या बाईची शस्त्रक्रिया, तिचीच सही

आमच्या संस्थेच्या मागील वार्षिक अंकात चिटणीसांनी लिहिले आहे की, घाटकोपरच्या रुग्णालयात बायकांच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी ‘नवऱ्याची सही’ बंद झाली ती अ‍ॅड. शालिनी मोंडकर यांच्या घणाघाती भाषणामुळे. लेख प्रेमाने लिहिलेला आहे. परंतु चुकीचा आहे. रुग्णालयाच्या डॉक्टरांशी भेट झाली त्या दिवशी शालिनीताईंनी भाषण केलेच नाही. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात तरी हकिकत घडली तशी नोंदली जावी.

आमची ओळख विलेपार्ल्यातली. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक. त्यांना निवेदने लिहून देणारा कोणीतरी हवा होता. पहिल्याच निवेदनातील ‘अबला भगिनी’ हे माझे शब्द त्यांनी खोडले.

“अण्णा, या बाया घरं चालवतात. अबला कुठून आल्या?”

ते शब्द मी पुन्हा कधीही लिहिले नाहीत.

दिवसभर न्यायालय आणि संध्याकाळी घाटकोपरच्या टेकडीवरची वस्ती, हा त्यांचा क्रम. वस्तीतील कामाची फी त्यांनी कधीच घेतली नाही. ‘सभा’ म्हटले की नवरे अडवीत. म्हणून ताई संक्रांतीचे हळदीकुंकू करीत. विधवा, टाकलेल्या, अविवाहित, सर्वांना कुंकू लावीत आणि वाण म्हणून दवाखान्याचे कागद ठेवायला प्लास्टिकची फाइल देत.

“ताई, पुढल्या वर्षी स्टीलचा डबा द्या हां!” एकीने टोमणा मारला.

“डब्यात केसपेपर दुमडून ठेवशील ना गं, भाकरीसारखा?” ताईंनी परतफेड केली.

रेखा तिथेच भेटली. ती घरकाम करी. गर्भाशयात गाठ होती, रक्तस्राव थांबत नव्हता. शस्त्रक्रिया ठरली होती. परंतु रुग्णालय नवऱ्याची सही मागत होते, आणि नवरा तिला सोडून गावी गेलेला, फोनही न उचलणारा. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते. ताईंनी तशी तक्रार वरिष्ठांकडे दाखल केली, तेव्हा प्रमुख डॉक्टरांनी आम्हांला भेटीस बोलावले.

“हिचं ऑपरेशन करून टाकतो,” ते म्हणाले. “तक्रार मागे घ्या, विषय संपवू.”

रेखाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी ‘चालेल’ म्हणणार, एवढ्यात ताईंनी माझी बाही ओढली.

“अण्णा, प्रश्न तिच्या जिवाचा आहे. तिला बोलू द्या.” मग त्या रेखाकडे वळल्या. “मागे घ्यायची असेल तर घे गं. मी रागावणार नाही. नाही घेतलीस, तर आजच कोर्टात जाईन. पण किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही.”

एवढेच. पुढे त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

रेखाने दाराकडे बोट दाखवले. मग म्हणाली, “डॉक्टर, बाहेर बाकड्यावर अजून दोघी बसल्यात. त्यांनी नवरा कुठनं पैदा करायचा? माझं करा, त्यांचं पण करा. तक्रार नाय मागं घेणार.”

“आणि काही बरंवाईट झालं तर?”

“माझंच होईल ना? मग सही पण माझीच घ्या.”

 डॉक्टरांनी संमतिपत्र मागवले, ‘पतीची सही’ ही ओळ स्वतःच्या पेनाने खोडली आणि कागद रेखापुढे सरकवला.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. माहेरचे कोणी नव्हते. ताई थर्मासमध्ये पेज घेऊन तिच्या खाटेशी बसल्या. नंतर ‘नवऱ्याची सही मागू नये’ या एका लेखी आदेशासाठी त्यांनी किती कार्यालयांचे उंबरे झिजवले, हे मी पाहिले आहे. आज उपनगरातील अनेक रुग्णालयांत ती ओळ छापली जात नाही. नामवंत वकिलांची भाषणे मी पुष्कळ ऐकली. परंतु अशिलाला तिचा आवाज मिळवून देऊन स्वतः मागे बसणाऱ्या वकील मी एकच पाहिल्या, आणि त्यांचा सहकारी म्हणवून घेण्यात मला अभिमान वाटतो.

शालिनीताईंना उत्तम प्रकृती आणि पुष्कळ वर्षे लाभोत, ही मनापासून इच्छा. आता चिटणीसांच्या लेखातील कालक्रमाच्या दुरुस्त्या:

१. रेखाची भेट दिवाळीत नव्हे, संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात झाली.

२. ताई या कामातून ‘गेल्या वर्षी निवृत्त झाल्या’, हे खरे नाही. गेल्या आठवड्यातही त्या टेकडी चढल्या.

३. लेखात लेखी आदेश आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असा क्रम दिला आहे. तो उलटा आहे. रेखाने तक्रार मागे घ्यायला नकार दिला, तेव्हा आदेश निघालेला नव्हता आणि शस्त्रक्रिया होईल याची तिला कोणतीही खात्री नव्हती. हा क्रम यापुढे कोणीही बदलू नये.