पत्रकावरचं चौथं नाव

एखादं गाणं आवडलं नाही म्हणून ते अर्ध्यावर बंद करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? प्रश्न माझा नाही, फेडरकाकांचा आहे. समोरच्याचं वय, हुद्दा, मंडळातलं वजन काहीही न बघता ते हा प्रश्न विचारत. एका गणपतीत त्यांनी तो बंदोबस्तावरच्या हवालदारालाही विचारला होता. वेळ संपली, बंद करा, असं हवालदार दोनदा बोलला. काकांनी मिक्सरवरची सरकती पट्टी दोन बोटांनी अगदी सावकाश खाली आणली, आवाज विरला, आणि मगच मेन स्विचला हात घातला. "साहेब, गाणं कापायचं नसतं. उतरवायचं असतं." त्या पट्टीला फेडर म्हणतात. गिरणगावातल्या आमच्या घोडपदेवच्या पोरांनी काकांना तेच नाव ठेवलं.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा साउंडचा गाळा होता. आत भिंतीला टेकून उभे केलेले स्पीकर, वायरींची भेंडोळी, आणि मध्ये एका स्टुलावर काका. ते गोड माणूस नव्हते. लग्नाची ऑर्डर घेताना नवऱ्यामुलाच्या बापाला गाण्यांच्या यादीवरून झापायचे. मोबाइलवर ऐकलेलं गाणं ते ऐकलेलं धरतच नसत. "डब्याच्या झाकणावर वरण चाखलंस, आणि म्हणतेस जेवले." मी चळवळीतल्या घरातली, पत्रकं वाटतच मोठी झालेली, म्हणून मला ते पत्रकवाली म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची दुसरी खोड आमच्या घरात कुप्रसिद्ध होती. पूर्ण वाचल्याशिवाय ते कशावरही सही करत नसत. चाळीत पाणी येत नव्हतं तेव्हा बाबांनी महापालिकेला अर्ज लिहिला. सगळ्या खोल्यांनी उभ्या उभ्या सह्या केल्या, आणि काकांनी तो अर्ज दोन दिवस ठेवून घेतला. बाबा संतापून खाली गेले, तर काका म्हणाले, "तिसऱ्या ओळीत 'सर्व रहिवासी' लिहिलायत. बारा नंबरवाले गावाक गेलेत. त्यांका विचारलात?" बाबांनी कपाळावर हात मारला. बाबांची रीत उलटी होती. पत्रक तयार झालं की खाली 'आपले' लिहायचं आणि आपल्या माणसांची नावं टाकून द्यायची. "आपल्या माणसाला विचारायचं नसतं, धरून चालायचं असतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला तो चळवळीचा नियमच वाटायचा.

आता साचेवाल्याबद्दल. हे त्याचं स्टेजवरचं नाव. आजोबा गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर होते, म्हणून नातू साचेवाला. मराठीत रॅप करतो, आमच्याच गल्लीतला. त्याच्या हातात पहिला माइक काकांनी दिला. पोरगा माइक तोंडात घालून ओरडायचा तेव्हा काकांनी त्याच्या हनुवटीखाली चार बोटं धरून दाखवलं, "एवढं अंतर. माइक खायचा नसतो." त्याच्या पहिल्या दोन अल्बमनी आमच्या पिढीला आवाज दिला. बंद गिरण्या, पडलेल्या चाळी, नव्या घराची वाट बघत संक्रमण शिबिरात म्हातारे झालेले भाडेकरू, सगळं त्याने गायलं. मी माझ्या पत्रकांत त्याच्या ओळी घालत असे.

मग तीन वर्षांपूर्वी तिसरा अल्बम आला, 'खोली'. नियमाप्रमाणे रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पंधराएक चाहते गाळ्यात जमलो. नियम काकांचा होता. अल्बम आला की मोठ्या स्पीकरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचा, शेवटचा आवाज विरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आठ गाणी झाली. आठही जळजळीत. मग नववं आणि शेवटचं लागलं, 'चावी'. त्यात आई चाळीतल्या खोलीला शेवटचं कुलूप लावते, चावी बिल्डरच्या माणसाच्या हातात देते आणि लिफ्टने विसाव्या मजल्यावर जाते. साचेवाला हळू आवाजात म्हणत राहतो, "आता वारा येतो आई, आता वारा येतो."

माझं डोकं फिरलं. आठ गाणी छाती पिटून झाल्यावर हा माणूस बिल्डरच्या वाऱ्याचे गोडवे गातो? मी उठले आणि मिक्सरची वायर खेचली. स्पीकरमधून फट्‌ असा आवाज आला आणि गाळा गप्प झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. वायरीचं टोक हातात घेऊन ते कुठे वाकलंय का तपासत बसले.

बोलला तो सुजय. हा माझा शाळेपासूनचा मित्र, परळला एका ऑफिसात नोकरीला. "झाली क्रांती?"

"तुला चाललं हे?" मी म्हटलं. "जाहिरात आहे ती. खाली फक्त फ्लॅटचा दर लिहायचा बाकी आहे."

"माझी आई बत्तीस वर्षं सामाईक संडासाच्या रांगेत उभी राहिली. गुडघे गेले तिचे. आता लिफ्ट मिळाली, खिडकीत बसते. तिला वारा लागला तर तुझं काय जळतं?"

"आणि जे अजून शिबिरात सडतायत? त्यांना कुठला वारा देतोस तू? पंख्याचा?"

"त्यांच्यावर पाचवं गाणं आहे. ते ऐकलंस ना, की तेव्हा पण वायर काढली होतीस?"

"पाचव्यात शिव्या द्यायच्या आणि नवव्यात चावी द्यायची. लोक शेवटचंच लक्षात ठेवतात, सुजय."

"तुझ्यासारखे लोक शेवटचं ऐकतच नाहीत."

गाळ्याचे दोन तट पडले. कोणी म्हणालं, विकला गेला. कोणी म्हणालं, आईसाठी रडला तर विकला जातो का. कुणीतरी सुजयला 'टॉवरवाला' म्हटलं आणि त्याने त्याची कॉलर धरली. काकांनी स्टुलावरून उठून दोघांच्या मध्ये एक रिकामा स्पीकर सरकवला. मग मी त्यांना थेट विचारलं, "काका, तुम्ही सांगा. गद्दारी आहे की नाही?"

"मी गाणं तीनदा ऐकल्याशिवाय बोलत नाही," ते म्हणाले. "आणि हे तर एकदापण झालेलं नाही. तुझ्या कृपेने."

मला थांबायचं नव्हतं. त्याच आठवड्यात मी पिवळ्या कागदावर पत्रक काढलं, 'चावी कोणाच्या खिशात?' साचेवाल्याला नाव घेऊन जाब विचारला. एकही शब्द मऊ ठेवला नाही, आणि आजही त्यातला एकही मऊ करणार नाही. खाली 'आपले' लिहिलं आणि अकरा नावं टाकली. चौथं नाव फेडरकाकांचं. त्यांचं खरं नाव, आडनावासकट. विचारलं नाही. आपल्या माणसाला कुठे विचारायचं असतं? पत्रक घोडपदेवपासून रे रोड स्टेशनापर्यंत वाटलं गेलं, भिंतींवर लागलं. दुपारपर्यंत त्याचा फोटो चाहत्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता.

संध्याकाळी काका तीन जिने चढून आमच्या खोलीत आले. त्याआधी ते कधी वर आल्याचं मला आठवत नाही. हातात पत्रक, चौथ्या नावावर बोट.

"हे कोण?"

"तुम्ही, काका."

"मगे मी खंय होतंय? मी घरातच होतंय. तू तीन जिने उतरून विचारलंस नाय."

"मला वाटलं तुम्ही आमच्या बाजूचे."

"बाजू माझी आसा. ती मी सांगतलंय. तू नाय."

मग ते शांत झाले, मालवणी गळली आणि त्यांचं मराठी एकदम साफ झालं. ते मला जास्त लागलं. "माझ्या बापाचं नाव गिरणीच्या यादीत होतं. राजीखुशीने नोकरी सोडणाऱ्यांच्या. कोणी टाकलं माहिती आहे? बिल्डरने नाही, मालकाने नाही. खात्यातल्याच दोस्ताने. आपलाच आहे, हो म्हणेल, असं समजून."

बाबा खाली बघत होते. मी विचारलं, काय करू. ते म्हणाले, "छापून आलंय, छापूनच काढ. दुसरं पत्रक काढ, चार ओळींचं. ह्या माणसाला विचारलं नव्हतं, एवढंच."

मी नाही म्हणाले. पत्रकावर पत्रक काढलं की लोक हसतात, फूट दिसते, समोरच्याच्या हातात कोलीत मिळतं, असं मी त्यांना समजावलं. समजावलं म्हणजे सुनावलं. "साचेवाल्याला फोन करून सांगा ना तुम्ही," मी म्हटलं. "म्हणावं, तिने परस्पर टाकलं."

"तोंडी नाही," काका म्हणाले आणि जिना उतरले.

त्यांनी फोन केला नाही. साचेवाल्यानेही केला नाही. त्याआधी तो प्रत्येक कार्यक्रमाला ध्वनिव्यवस्थेसाठी काकांनाच बोलवायचा, इतरांचं साहित्य कितीही भारी असलं तरी. त्यानंतर एकदाही नाही. मी खाली गेले की काका स्टुलावरून उठत आणि आतल्या वायरी आवरायला लागत. मी दोनतीनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि पत्रक उद्या करू म्हणत परत आले. चार ओळींचं पत्रक लिहायला मला चार मिनिटं लागली असती. मी त्या काळात दुसरी सहा पत्रकं लिहिली.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. शोकसभा गाळ्यातच झाली. साचेवाला आला, मागे उभा राहिला, माइक पुढे केला तर घेतला नाही. बाहेर पडताना तो माझ्याजवळ थांबला. "तुझं मला काही वाटलं नाही," तो म्हणाला. "तू तशीच आहेस. पण खाली काकांचं नाव बघितलं आणि म्हटलं, त्यांनी तीनदा ऐकून सही केली असणार. मग मी कोणत्या तोंडाने फोन करू?"

मी तिथेच त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "दोन वर्षं?" आणि गेला. तो माझ्याशी पुन्हा बोललेला नाही. त्याने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मी काकूंना विचारलं, काकांना ते गाणं कसं वाटलं होतं. काकू म्हणाल्या, "माझ्यादेखत दोनदा ऐकलान. तिसऱ्यांदा ऐकून सांगतो म्हणत होता. मग तुझा कागद आला. नाव तर लागलाच, म्हणाला, आता ऐकून काय करू."

'चावी' मला आजही खोटं गाणं वाटतं. सुजयशी माझं त्यावरून अजून भांडण होतं आणि ते होत राहील. पण आता मी ते शेवटपर्यंत ऐकलंय, तीनदा. काकांचं मत काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही. ते कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याला कारण मी आहे.

म्हणून हे छापते आहे. घोडपदेव, भायखळा, रे रोड, लालबाग, जिथे कुठे ते पिवळं पत्रक तुमच्या फळीवर, जुन्या वह्यांत, कपाटात कागद म्हणून अंथरलेलं असेल, ते काढा. माझं नाव पहिलं आहे, ते राहू द्या. चौथ्या नावावर पेनाने रेघ मारा आणि बाजूला लिहा, 'यांना विचारलं नव्हतं.' फोटो फोनमध्ये असेल तर ज्याला पाठवला होता त्याला हे पानही पाठवा. आज करा. मी उद्या करू म्हणाले होते.