कोकणात नेलेला कूलर

आमची मुलगी रत्नागिरीला दिली आहे. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी आनंदाने बोटांवर महिने मोजले आणि मग कपाळाला हात लावला. बाळंतपण ऐन मे महिन्यात येत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत; आणि तिचं माहेर म्हणजे चोपडा, जळगाव जिल्हा. मे महिन्यात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर येतं, तेही फक्त उन्हामुळे.

विहीणबाईंनी फोनवर सरळच सांगितलं, "तुमच्याकडे पंचेचाळीस, आमच्याकडे तेहतीस. पोरीला कशाला भाजून काढायचं? इथेच होऊ दे सगळं."

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मला लेक माझ्या घरी हवी होती. पहिलं नातवंड सगळ्यांच्या आधी माझ्या हातात हवं होतं. आणि मध्ये आडवा आला होता तो मेला पारा.

गंमत म्हणजे निवृत्त होईपर्यंत मी शाळेत हेच शिकवत आले. हवेचं तापमान कशावर ठरतं? अक्षवृत्त, समुद्रसपाटीपासूनची उंची, समुद्राची जवळीक, वारे, ढग, झाडी. शेवटच्या बाकावरची मुलं या धड्याला हमखास डुलक्या काढायची. चोपडा आणि रत्नागिरी यांच्यात सूर्य फारसा भेदभाव करत नाही. करतो तो समुद्र. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं आणि काठावरच्या गावांना सांभाळून घेतं. आमची काळी जमीन मात्र उतावळी. लगेच तापते, लगेच निवते, माझ्यासारखीच. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण विहीणबाईंना द्यायला त्यात उत्तर काही सापडेना.

उत्तर आमच्या ह्यांनी काढलं. हे केळीचे बागायतदार, आणि उन्हाळ्यावर ह्यांचा एकच इलाज, पत्र्याचा कूलर. डोहाळजेवणाला निघताना ह्यांनी नवाकोरा कूलर गाडीच्या टपावर बांधला. त्याची हवा एकदा अंगावर घेतली की विहीणबाई आपसूक लेकीला पाठवतील, असा ह्यांचा हिशेब.

"अहो, तिथे हवेतच पाणी असतं. चालायचा नाही तो," मी म्हटलं.

"तू शाळामा शिकाडं ते शाळामाच ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "कूलर बठ्ठीकडे चालस."

कूलर सगळीकडे चालतो, यापलीकडे खानदेशी माणसाला दुसरं काही सांगून उपयोग नसतो. आम्ही जिथे जिथे चहाला थांबलो, तिथे लोक टपावरच्या त्या पेटाऱ्याकडे टकामका बघत होते.

डोहाळजेवण झकास झालं. पंगती उठल्यावर ह्यांनी ओटीवर कूलर मांडला, पाणी भरलं आणि मोठ्या रुबाबात बटण दाबलं. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी वा वा केलं. मग साड्या पाठीला चिकटू लागल्या. परातीत उरलेले पापड मऊ पडले. व्याही सारखा चष्मा पुसत होते आणि ह्यांना वाटत होतं की पाणी कमी पडतंय, म्हणून हे आणखी बादली ओतत होते. लेक पदर तोंडात धरून हसू दाबत होती.

शेवटी व्याह्यांनीच हळूच बटण बंद केलं. हे इतके ओशाळले की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "इथली हवा पाणी पिऊन आधीच तृप्त आहे, तिला आणखी पाजून काय होणार? आमची हवा तहानलेली. दिसेल ते पाणी पिते आणि पिता पिता गार होते. पंचेचाळीस हा बाहेरचा आकडा झाला. आत काय असतं ते तुम्ही येऊन बघा."

"मी तेच सांगत होतो!" हे म्हणाले.

विहीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर हो म्हणाले तर मी स्वतः तिच्याबरोबर येते. चार दिवस बघते. नाही पटलं तर परत घेऊन जाईन."

डॉक्टर हो म्हणाले. एप्रिल नुकताच लागला होता. आम्ही चोपड्यात उतरलो तेव्हा दुपार होती आणि झळा तोंडावर येत होत्या. विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला.

पण घरात शिरताच ह्यांनी कूलर लावला. अर्ध्या तासात त्यांनी पायांवर घ्यायला चादर मागितली. संध्याकाळी हे त्यांना केळीच्या बागेत घेऊन गेले. बांधावर झळ आणि दोन ओळी आत शिरलं की गारवा. त्या उगाचच आत-बाहेर करून बघत होत्या. झोपायला आम्ही गच्चीवर. आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी उष्णता सोडून देते. पहाटे उठून बघते तर विहीणबाई चादर गुंडाळून बसलेल्या.

"आमच्याकडे पहाटेही पंखा बंद करता येत नाही," त्या नाइलाजाने म्हणाल्या.

मी जिंकले होते. चौथ्या दिवशी त्यांची बॅग दाराशी आली, पण त्या लेकीची वेणी घालत बसल्या होत्या. घातलेली वेणी सोडून पुन्हा घालत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खरं सांगू? उन्हाचं मी निमित्त केलं. मला बाळंतपणाच्या वेळी तिच्याजवळ असायचं होतं."

मी तरी दुसरं काय मागत होते?

"मग जाता कशाला?" मी म्हटलं.

"सुनेच्या माहेरी दीड महिना? लोक काय म्हणतील?"

"एवढ्या उन्हात बोलायला बाहेर पडतंय कोण?"

त्या राहिल्या. दोघी मिळून दुपटी शिवली, आणि माशांच्या आठवणीने व्याकूळ होत त्यांनी आमचं वांग्याचं भरीतही आवडून घेतलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी, रस्ते ओस पडलेले असताना, दवाखान्यात नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. "आजी कोण?" तिने विचारलं. आम्ही दोघी उठलो. माझे हात पुढे गेलेच होते. मी ते मागे घेतले आणि विहीणबाईंना म्हटलं, "तुम्ही घ्या आधी."

त्यांनी बाळाला घेतलं, डोळे भरून पाहिलं, आणि नर्सवर डाफरल्या, "अहो, तो एसी कमी करा, पोरीला गारठा लागेल!" मग त्यांनी ते गाठोडं माझ्या हातात दिलं. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन होतं, आणि मी त्या एवढ्याशा अंगाची ऊब छातीशी घट्ट धरून उभी होते.