हँगर सिस्टर्सची रेकॉर्ड

मेस्त्री लिफ्ट दुरुस्त करतो. काम संपलं की गुडघ्यावर बसून मजल्याची फरशी आणि लिफ्टचा उंबरा एका पातळीत आहेत का, हे तळहात फिरवून बघतो. बोटभर फरक राहिला तरी कुणीतरी म्हातारं माणूस अडखळेल, म्हणतो. तीस वर्षांत तो माझ्याशी एकदाही खोटं बोललेला नाही. माझ्याबद्दल तसं म्हणायची सोय नाही. लिहायला बसलोय त्याच्याविषयी, पण मध्येमध्ये माझं थोबाड येणारच, त्याला इलाज नाही.

माझी लाँड्री. पुढे काउंटर, मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाच्या बाजूला माझा रेकॉर्डप्लेयर. मेस्त्री पहिल्यांदा आला तो कपडे घेऊन नव्हे. वर इमारतीच्या लिफ्टचं काम करत असताना त्याला भिंतीतून धप्प धप्प ऐकू आलं आणि कुठली मोटार बिघडली म्हणून तो शोधत खाली आला. बघतो तर माझ्या प्लेयरवर रेगे संगीत. दारात पाना घेऊन पूर्ण एक बाजू उभ्याने ऐकली आणि म्हणाला, "मोटार चांगली आहे. कुठली?"

जमैकातली, म्हटलं. त्या दिवसापासून तोही बिघडला.

बंदराजवळच्या जुन्या बाजारात जहाजावरचे लोक नको असलेल्या रेकॉर्ड टाकून जात. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिथे उकिडवे बसून खोकी उपसायचो. मेस्त्रीला एखादी चांगली सापडली की तो आधी मला दाखवायचा. मला सापडली की मी ती इतर चारांच्या खाली सरकवायचो. आता हे लिहिताना कान गरम होतायत, पण तेव्हा यात काही वावगं वाटत नसे.

त्यातच एका मासिकात वाचलं की जमैकात रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवणारे लोक आपल्या रेकॉर्डवरची लेबलं खरवडून टाकत. गाण्याचं नाव शेजारच्या स्पीकरवाल्याला कळू नये, गर्दी आपल्याकडेच राहावी म्हणून. ते पोटासाठी करत होते. मी घरी आलो, ब्लेड घेतलं आणि माझ्याकडच्या सगळ्यात लाडक्या छोट्या रेकॉर्डची लेबलं दोन्ही बाजूंनी खरवडून पांढरी करून टाकली. माझ्याकडून गर्दी कोण पळवणार होतं? मेस्त्रीशिवाय ऐकायला दुसरं कुणी येतच नव्हतं.

एक बाई गायची त्यात. आवाज इतका बारीक की वाटायचं आत्ता तुटेल, आणि खाली तो जाड, संथ ठोका. मेस्त्री प्रत्येक वेळी नाव विचारायचा आणि मी प्रत्येक वेळी मोठा भाव खाऊन गप्प राहायचो. एखाद्याला असं ताटकळत ठेवण्यात मजा असते. मला ती बावीस वर्षांपूर्वीपर्यंत यायची.

मेस्त्रीची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं रफू करायच्या. आमच्या संगीताला त्या 'तुमचं ते ठोकाठोकीचं काम' म्हणत. एकदा रफू केलेले कोट द्यायला आल्या तेव्हा नेमकी तीच रेकॉर्ड लागली होती. कोट हातातच राहिले. संपल्यावर म्हणाल्या, "भावजी, परत लावा की."

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. "शेट, आता तरी नाव सांग. माझ्यासाठी नको सांगू. ती कालपासून गुणगुणतेय. तिच्यासाठी एक शोधून आणतो."

खरं सांगायला काय जात होतं माझं? पण नाव सांगितलं की रेकॉर्ड त्याच्याकडेही येणार आणि माझ्या मागच्या खोलीत खास असं काही उरणार नाही, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. समोर दांडीवर हँगर लटकत होते. काउंटरवर निळ्या बटणांचा डबा होता. मी म्हणालो, "गाण्याचं नाव 'ब्लू बटन'. गाणाऱ्या हँगर सिस्टर्स."

त्याने वही काढली, स्पेलिंग विचारून घेतलं आणि दोनदा आभार मानले.

त्यानंतर मी ती रेकॉर्ड कधी लावलीच नाही. तडा गेलाय, अशी आणखी एक थाप मारली. मेस्त्री मात्र शोधत राहिला. जहाजावरच्या लोकांना विचारायचा, परदेशातल्या दुकानांना पत्रं टाकायचा. दुकानाचं नाव, पत्राची तारीख, उत्तर आलं की नाही, सगळं वहीत. मला वाटलं होतं महिन्याभरात कंटाळेल. पण जो माणूस बोटभर फरकासाठी गुडघे टेकतो तो कंटाळेल कसा, हे मला कळायला हवं होतं. सांगून टाकू, सांगून टाकू म्हणताना वर्षं गेली, आणि जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं.

मग फोनवर सगळं जग आलं. कुठलंही गाणं नाव टाकलं की वाजतं. आमच्या बाजारातली खोकी गेली. लोक मला विचारू लागले, हा पसारा आता कशाला ठेवलाय? मेस्त्रीने मुलीकडून फोन शिकून घेतला आणि पहिलं नाव टाकलं ते हँगर सिस्टर्सचं. काहीच आलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. हा धावत माझ्याकडे आला. "शेट, काय चीज आहे रे तुझ्याकडे! इंटरनेटवरसुद्धा नाही!"

पुढे तो रेगेच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या एका जगभरच्या गटात शिरला आणि तिथे विचारलं, ही रेकॉर्ड कुणी पाहिली आहे का? मला वाटलं, सुटलो. कुणीतरी खडसावून सांगेल की असलं काही नाही. पण रेकॉर्ड जमवणारी जात मला चांगली ठाऊक असायला हवी होती, मी त्यातलाच. 'मला माहीत नाही' असं आमच्यातला एकही म्हणत नाही. एकाने लिहिलं, माझ्याकडे होती, घर बदलताना गेली. दुसऱ्याने लिहिलं, मागची बाजू पुढच्यापेक्षा सरस आहे. आणखी दोघं ती कुठल्या साली निघाली यावरून भांडले. मेस्त्री हे सगळं मला वाचून दाखवत होता आणि मी मान खाली घालून इस्त्री करत होतो. एका सदऱ्याची कॉलर जळली त्या दिवशी. गिऱ्हाइकाची माफी मागितली. ज्याची मागायला हवी होती तो समोर बसून चहा पीत होता.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचे कान जायला लागले. आधी पाखरं, मग दाराची बेल, मग फोनवरची नात. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागे राहतात. मेस्त्री हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होता. "आयुष्यभर माझ्या ठोकाठोकीला नावं ठेवली. आता तिला तेवढंच ऐकू येतं." मग म्हणाला, "ते एक गाणं मिळायला हवं होतं रे."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी रेकॉर्ड कपाटातून काढली आणि त्याच्या घरी गेलो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले चढताना ठरवलं होतं, पोचल्याबरोबर सगळं सांगायचं. पोचलो आणि नुसती रेकॉर्ड पुढे केली. "तडा भरून निघाला का?" मेस्त्रीने विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो. त्याने रेकॉर्ड दोन बोटांत कडेने धरली, लाव म्हणायच्या आत लावली.

वहिनींनी खुर्ची स्पीकरला चिकटवून घेतली आणि तळहात त्याच्या अंगावर ठेवला. पहिल्या ठोक्यालाच म्हणाल्या, "हे तेच. लाँड्रीतलं." मग बराच वेळ ऐकून नवऱ्याकडे वळल्या. "ती बाई गातेय का आत्ता?"

"गातेय," मेस्त्री मोठ्याने म्हणाला.

"हं. मला नुसतं खालचं येतंय."

मुलगी फोन हातात घेऊन उभी होती. ऐकून गाणं ओळखण्याची सोय असते ना फोनमध्ये, ती तिने सहज चालू केली होती. "बाबा, इथे वेगळंच नाव येतंय. गाणारीही वेगळीच. खूप लोकांनी ऐकलंय हे."

मेस्त्रीने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "फोन चुकला असेल. काकांची स्वतःची रेकॉर्ड आहे. त्यांना नाव माहीत नसणार का?"

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "फोन बरोबर आहे," मी म्हणालो. मग हँगर, बटणांचा डबा, तडा, सगळं सांगितलं. तो मोटारीचा आवाज ऐकावा तसा मान तिरकी करून ऐकत होता.

"आणि ती मागची बाजू सरस म्हणणारा?" त्याने विचारलं.

"त्यालाही काही माहीत नव्हतं."

"नावच हवं होतं फक्त," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी नाव मिळालं असतं तरी मी लावून दिलं असतं, काका. तेव्हा आईला सगळं ऐकू येत होतं."

मेस्त्री उठला, वही काढली, पहिल्या पानावरचं नाव खोडलं आणि फोनमध्ये बघून बरोबर नाव लिहिलं. एकेक अक्षर तपासून लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

वहिनींना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. रेकॉर्ड संपली तशा त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी उजळला होता. "भावजी, एवढ्या वर्षांनी तडा नसलेली आणलीत. किती शोधली असेल हो तुम्ही."

मी मेस्त्रीकडे बघितलं. तो वाचवेल असं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याने फक्त प्लेयरचं बटण बंद केलं आणि खोली शांत केली, तिला ऐकू यावं म्हणून.

मी खुर्चीजवळ गुडघे टेकले, वहिनींच्या कानाशी तोंड नेलं आणि हँगरपासून पुन्हा सुरुवात केली. खिडक्या उघड्या होत्या. जिन्यात कुणीतरी चढायचं थांबलं. मी ओरडून ओरडून शेवटपर्यंत सांगितलं.

वहिनींनी माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघितलं आणि कानामागे हात धरला.

"नीट आलं नाही, भावजी. परत सांगा."