जोतीराम गुरुजींचा अडलेला शब्द

सांगवीचे जोतीराम गुरुजी सातवी पास होऊन मास्तर झाले होते. वीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. १९५३ साली त्यांची एकुलती एक मुलगी विजयमाला आठवीसाठी बारामतीच्या हायस्कुलात आली. ती मावशीकडं राहायची आणि वर्गात माझ्या शेजारी बसायची, म्हणून ही हकिकत मला ठाऊक आहे.

दर शनिवारी ती सांगवीला जायची. पहिल्याच खेपेला गुरुजींनी तिचं इंग्रजीचं पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं उलटली आणि सांगितलं की आठवडाभर जे शिकशील ते रविवारी मला शिकवायचं. तिला ती थट्टा वाटली. पण पुढच्या रविवारी सकाळी गुरुजी कोरी वही घेऊन पाटाच्या कडेला बाभळीखाली बसलेले. उसाला पाणी द्यायला निघालेली माणसं थांबून बघायची. कुणी हसलं तर गुरुजीही हसायचे. लेक त्यांच्या चुका तांबड्या शाईनं दुरुस्त करायची. चार वर्षं हा क्रम मोडला नाही, आणि अकरावीच्या वर्षी गुरुजींनी तिच्याबरोबर स्वतःचाही मॅट्रिकचा फॉर्म भरला.

त्याच वर्षी एका धड्यात तो शब्द आला. विस्टफुल. धडा एका म्हाताऱ्या खलाशाचा होता. समुद्र सोडलेला तो म्हातारा बंदरात येऊन निघालेल्या जहाजांकडं बघत बसे, तेव्हा त्याची नजर विस्टफुल असे, असं वाक्य होतं. शब्दकोशात अर्थ दिला होता, 'उत्कंठित, खिन्न'. गुरुजींना हे पटेना. उत्कंठा म्हणजे ओढ, खिन्न म्हणजे दुःखी, मग एकाच शब्दात दोन्ही कसं मावतं? पण वाक्यात उपयोग तर करायचा होता. त्यांनी लिहिलं, 'चारा नसल्यामुळं बैल विस्टफुल आहे.'

विजयमालानं ते वाक्य आमच्या मोने सरांना दाखवलं. सर हसले नाहीत. बैल उपाशी आहे, म्हणाले, चारा टाकला की संपलं. अशा दुःखाला हा शब्द लावत नाहीत. पुढच्या रविवारी गुरुजींनी दुसरं वाक्य दिलं, 'माझी आई वारली तेव्हा मी विस्टफुल झालो.' त्यावरही काट आली. तो शोक, सर म्हणाले, आणि शोकात गोडी नसते. या दुःखात असते. जे चांगलं होतं आणि आता हाताशी नाही, त्याची ही हुरहूर. माणूस ती आपणहून जवळ ठेवतो, आणि ती नजरेत नाहीतर हसण्यात दिसते.

गुरुजींनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, पण वाक्य काही सुचेना. तिसऱ्या रविवारी बापलेक घरीच सोप्यात बसले होते. विजयमालाची आई मुक्ताबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या मधेच म्हणाल्या, "तसं मला झालं व्हतं."

"कवा?" गुरुजींनी विचारलं.

"विजूचं दूध तोडलं तवा. दोन वर्सं अंगाला चिकटल्याली पोर, कटाळले व्हते मी. सुटले म्हणून बरं वाटलं. पर सांजच्याला ती आपल्या हातानं भाकर कुस्करून खाया बसली, आन् मी नुसती बघत ऱ्हायले. रडू न्हाय आलं. अजून याद आली की तसंच हुतं. आन् ती याद आलेली बरी वाटती."

मग गुरुजींनी लेकीला विचारलं, "हितं चालंल का शब्द?"

"चालंल, आबा."

दोघांनी मिळून वाक्य इंग्रजीत रचलं: मी आपल्या हातानं जेवू लागले, आणि आई माझ्याकडं विस्टफुल नजरेनं बघत राहिली. मोने सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. वाक्य कुणाचं ते मात्र सांगितलं नाही.

१९५७च्या मार्चात दोघांनी बारामतीला परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल पेपरात छापून आला. विजयमालाचा नंबर होता, गुरुजींचा नव्हता. ते इंग्रजीत नापास झाले होते. त्यांनी गावात घरोघर साखर वाटली. कुणी विचारलं तर सांगायचे, मास्तरीण पास झाली, विद्यार्थी राहिला. विजयमाला मात्र अडून बसली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती, पण आबा पास होईपर्यंत मी जाणार नाही, म्हणू लागली. गुरुजी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यावर रागावले. शेवटी असं ठरलं की त्यांनी दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिहायचं आणि तिनं ते दुरुस्त करून परत पाठवायचं.

तिला दौंडच्या गाडीत बसवायला आम्ही तिघं गेलो होतो. मुक्ताबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. गुरुजी डबा आत देऊन खिडकीशी उभे राहिले, किंचित हसत. गाडी हलली तसे ते तिच्याबरोबर चार पावलं चालले आणि थांबले.

"जागा खिडकीची मिळाली, बरं झालं," ते मला म्हणाले.

पहिलं पत्र आठवड्याच्या आत गेलं. विजयमालानं ते मला पुढं दाखवलं. पाचच ओळी होत्या, त्यातली एक अशी: 'रविवारी पाटावर गेलो, तू नव्हतीस, मी विस्टफुल झालो, पण तिथं बसायला मला आवडलं.' बाकीच्या चार ओळींत तिनं सहा चुका काढल्या. या ओळीला हात लावला नाही.

पुढच्या मार्चात गुरुजी पुन्हा राहिले. १९५९ साली पास झाले. बढती मिळाली नाही, त्यांनी मागितलीही नाही. आठवीला जाणाऱ्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते इंग्रजीची मुळाक्षरं गिरवून घ्यायला लागले, एवढाच फरक. विजयमाला तोवर पुण्यातच शिक्षिका झाली होती. पत्रं येतच राहिली. पण आता त्यांत अशा चुका असायच्या, ज्या गुरुजींनी पहिल्याच वर्षी मागं टाकल्या होत्या. अनेकवचनाचा 'एस' गळालेला, महिन्याचं नाव लहान अक्षरानं. ते मुद्दाम करतात हे तिला अशा दुसऱ्याच पत्रात कळलं. तिनं त्यांना तसं कधी लिहिलं नाही. प्रत्येक पत्र ती नीट तपासायची आणि पुढच्या टपालानं सांगवीला पाठवायची.