घुसायच्या पिक्चरचे परीक्षक

एखाद्या आडरानातल्या बंगल्यात शिरून आतल्या माणसांचा छळ करायचा असेल, तर कुठल्याही गुंडाने आधी माझ्या बायकोच्या मामांकडे चार दिवस शिकवणी लावावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्या बंगल्यात राहणाऱ्यांनी तर आठ दिवस लावावी. परदेशी भयपटांत एक जात अशी असते, की तिच्यात भूत नसतं, मांत्रिक नसतो. नुसतं एक घर असतं आणि त्यात बाहेरची माणसं घुसतात. मामा तिला ‘घुसायचं पिक्चर’ म्हणत. फौजेत हवालदारकी करून पेन्शनीवर आलेल्या या माणसाने हिंदी आवाज चढवलेले असे जेवढे पिक्चर पाहिलेत, तेवढे ते काढणाऱ्यांनीही पाहिले नसतील. आणि तेही भरदुपारी. पिठलं-भाकरी खाऊन, खिडक्या लावून, ऐन चैत्रात गुडघ्यांवर घोंगडं घेऊन ते टीव्हीसमोर बसत. रात्री का बघत नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाले, “रातच्याला भ्या वाटतं, जावयबापू.”

मामांचं घर कराडहून पाटणला जाताना रस्ता सोडून आत, उसाच्या मधोमध. बांधलं तेव्हा घरात दहा-बारा माणसं होती, त्या हिशेबाने ते ऐसपैस बांधलेलं. पुढे पोरी नांदायला गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि मामी देवाघरी गेल्या. उरले मामा, पाच खोल्या आणि एक कुत्रं. हे कुत्रंही असं की कुणी आलं की भुंकण्याऐवजी आधी उसात जाऊन बसायचं. मामांना त्याचं कौतुक होतं. “पिक्चरमदलं कुत्रं बगा, पयल्या पंदरा मिन्टात मरतंय. आमचं शानं हाय.”

मी सांगलीला शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी कराडकडे काम निघालं की मामांकडे डोकवायचो आणि मग सुटका नसायची. मला असले पिक्चर सोसत नाहीत. मी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघायचो आणि मामा शेजारी बसून परीक्षण करायचे. पहिला राग काचांवर. “सगळ्या भिती काचंच्या करायच्या आन मग वराडत बसायचं. ह्यास्नी कुनी घर बांदून दिलं?” दुसरा राग हत्यारावर. घरमालकीण जिवाच्या आकांताने गुंडाच्या टाळक्यात काहीतरी हाणते, गुंड आडवा होतो आणि बाई हातातलं हत्यार तिथंच टाकून पळत सुटते. असं झालं की मामा घोंगडं फेकून उभेच राहायचे. “उचल. उचल म्हंतो ना! हत्यार टाकतंय व्हय कुनी?” एकदा तर पडद्यावरच्या माणसाला त्यांनी परेडवरच्या आवाजात “मागं बघ!” असा हुकूम सोडला. बाहेर पाटाच्या कडेने सायकलवरून दुधाच्या किटल्या नेणारा माणूस दचकून मागे बघायला गेला आणि किटल्यांसकट पाटात उतरला. मामांनी त्याला बाहेर काढला, चहा पाजला आणि त्यालाही शेवट दाखवूनच सोडला.

पण मामा नुसतेच खोट काढणारे नव्हते. पिक्चरचा पहिला अर्धा तास ते देवळात बसल्यासारखे गप्प बसून बघायचे. काहीच घडत नसतं. बाई भांडी पुसत असते, नळ ठिबकत असतो आणि दारावर टकटक होते. त्यांच्या मते खरी कला ती. “दारावर कोन हाय ते कळत न्हाई तवर पिक्चर, जावयबापू. कळलं की नुसती मारामारी.” गुंडाने आपण का आलो हे सांगायला सुरुवात केली की ते टीव्हीचा आवाज बारीक करायचे. कधीकाळी तुझ्या बापाने माझ्या बापाची जमीन लाटली वगैरे निघालं, की त्यांचा रसच जायचा. “कारन सांगाय लागला की त्यो भाऊबंद वाटतो. भाऊबंदाचं काय भ्या? त्यो बांदावर रोज भेटतोय.” आमच्याकडे घरात घुसून वाकडं बोलायचा मान पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदांकडेच आहे.

मामी होत्या तेव्हा त्याही तांदूळ निवडत हे पिक्चर बघायच्या. त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत. मुखवटे घातलेली तीन माणसं अंगणात तासभर उभी आहेत, आतल्यांची बोबडी वळली आहे आणि मामी म्हणायच्या, “कवाची उभी हायती. बसा म्हनाय नगं का कुनी?” मामा चिडायचे आणि दोघांची पिक्चर संपेपर्यंत जुंपायची. मामी गेल्यावर मामांशी भांडायलाच कुणी उरलं नाही. मी आपला प्रत्येक गोष्टीला “खरं आहे” म्हणायचो, आणि त्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही.

मुलाचा फोन रोज दुपारी जेवणाच्या वेळेला यायचा. पोरगा सालस. त्याचं एकच मागणं, आबांनी घर बंद करावं आणि पुण्याला यावं. रानात एकटं माणूस, पडलं-झडलं तर कळणार कुणाला? मामांचा जीव त्या घरात. म्हणून फोन वाजला की ते आधी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. “एकटा कुटं रं? घर भरलंय. पाव्हनं आल्यात.” तिकडून घाबरा आवाज यायचा, “आबा, हे कोण किंचाळतंय?” “तुजी आत्या आलीया,” मामा थंडपणे सांगायचे. वास्तविक त्या घरात दिवसचे दिवस कुणी फिरकत नव्हतं. हे मुलाला कळलं, तर तो गाडी घेऊन न्यायलाच येईल, ही मामांना धास्ती होती.

त्या रविवारी मी तिथेच होतो. पिक्चर नुकता सुरू झालेला, बाई भांडी पुसतेय, आणि आमच्याच दारावर टकटक झाली. मी जागच्या जागी अर्धा झालो. मामांनी मात्र कोण, कुठले काही न विचारता दार सताड उघडलं. दारात जीपभर माणसं. फेटेवाले आजोबा, दोन बाया, जाकीट घातलेले दोन-तीन बापे आणि मध्ये नवी पँट घातलेला एक घामाघूम तरुण. मामा म्हणाले, “या, या. आत या.” सतरंजी अंथरली गेली, तांब्याभांडं फिरलं. पोह्यांसाठी कांदा चिरायला मला बसवलं. मामांच्या अंगात वारं शिरलं होतं. कपाटातल्या ठेवणीतल्या कपबशा निघाल्या. पाऊसपाणी झालं, उसाचा भाव झाला, आजोबांचा थोरला कुठल्या पलटणीत होता तेही झालं. एक बाई न विचारता चुलीपाशी येऊन माझ्या हातातली विळी घेऊन म्हणाली, “सरा तिकडं, पुरुषांचं काम न्हाई ते.” त्या घरात किती दिवसांनी कुणीतरी हक्काने बोललं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मामांनी पिक्चर केव्हाच बंद केला होता. “आरं, पाव्हनं आल्यात,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका आनंदलेला होता की मलाच कसंतरी झालं. “आबा, रोजचंच आहे हे तुमचं,” मुलगा म्हणाला. फोनवरचं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. “मी नंतर करतो.”

पोहे झाले, चहा झाला आणि फेटेवाल्या आजोबांनी खाकरून विषयाला हात घातला. “मग, पोरीला बोलवायचं न्हवं?”

मामा शांतपणे म्हणाले, “पोरगी हितली न्हाई, आजोबा. ती पल्याडच्या बांदाला, सुभेदाराची. तुमी मिलिटरीवाल्याचं घर इचारलं आसंल. हितं घरटी एक मिलिटरीवाला हाय.”

सगळे चपापले. नवरदेवाने तर पोह्यांची बशी खाली ठेवली. “आवं मग आदीच सांगायचं न्हाई का?”

“दारात आलेल्या मानसाला पानी द्याच्या आदी, चुकलायसा म्हनू व्हय?” मामा म्हणाले. मग पायात चपला घालून ते त्या वऱ्हाडाला बांधाबांधाने सुभेदाराच्या दारापर्यंत स्वतः पोचवून आले. सुभेदाराने बसायचा आग्रह केला होता म्हणे, पण आपलं काय काम तिथं, म्हणून परतले.

आल्यावर ते भिंतीला टेकून बसले. सतरंजी चुरगळलेली, जिकडे तिकडे कपबशा. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “मामा, पिक्चर राहिला. लावू का?”

“नगं,” ते म्हणाले. “ह्या पिक्चरातली खरी खोट आज कळली बगा. घुसल्याली मानसं जात्यात, पोलिसाची गाडी येती आन संपतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी उटून त्यो घरधनी त्या घरात काय करतो, ते एकबी दावत न्हाई.”

मामांनी फोन घेतला, चष्मा लावला आणि मुलाला लावला. “कवा येतूस न्यायला?” त्यांनी विचारलं. मुलाने घाबरून विचारलं, “आबा, बरं नाही का तुम्हाला?” “बरा हाय. पर आज पाव्हनं खरंच आल्तं रं. खरंच आल्तं.” मग मुलगा खालच्या आवाजात काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मामा नुसतेच “व्हय, व्हय” म्हणत राहिले आणि त्यांनी फोन ठेवला.

माझी सांगलीची गाडी गाठायची वेळ झाली होती. निदान एवढं तरी करावं म्हणून मी कपबशा गोळा करून मोरीकडे निघालो, तर मामांनी माझ्या हातातून त्या काढून घेतल्या आणि एकेक करून परत सतरंजीवर मांडल्या.

“ऱ्हाऊ द्या, जावयबापू,” ते म्हणाले. “उद्या सकाळला मला कायतरी काम नगं का?”

मी चपला घातल्या आणि बांधावरून रस्त्याकडे निघालो.