घरमालक काकांचं मेण

काळजी करण्याची परीक्षा असती, तर आमचे राजाजीनगरचे घरमालक काका सबंध बंगळुरात पहिले आले असते. सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, तरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघतात. ऑटोत बसण्यापूर्वी चाकं दाबून पाहतात. आणि फिरून फिरून ही काळजी येते ती काकूंच्या हातांवर. जरा साबण लागला की काकूंचे तळवे फुटतात, रक्त येतं. बाजारातलं एकही क्रीम त्यांना मानवेना, तेव्हा काका म्हणाले, "मीच करतो."

क्रीमसाठी त्यांनी 'ई' जीवनसत्त्वापासून बनवलेलं मेणासारखं काहीतरी पैदा केलं. मला जिन्यात अडवून म्हणाले, "हे तेलालाही धरतं, पाण्यालाही. वर तेल खवट होऊ देत नाही. आमच्या भाऊबंदकीत असा एक जण हवा होता." क्रीमचा प्रत्येक नवा घाणा आधी स्वतःच्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनची वर्तुळं, आत तारखा. अंघोळीलासुद्धा तो हात वर.

मेण कोमट केलं की वितळतं. एका रविवारी त्यांनी ते तुपाच्या वाटीत वितळवून ओट्यावर ठेवलं आणि वजनकाटा शोधायला गेले. मी त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी तूप समजून ते माझ्या वरणभातावर वाढलं. कालवला, तर भाताला फेस. काका आले आणि पांढरेफटक पडले.

"किती घास?"

"एक."

"नक्की एक?"

दुपारभर माझी नाडी धरून बसले. "औषधांतही घालतात हो हे," असं मला कमी, स्वतःलाच जास्त सांगत होते. मला काही झालं नाही, पण त्यांनी क्रीमचा नाद सोडला. "उद्या हिचे हात माझ्याच हातून बिघडले तर?" म्हणाले. मलाच वाईट वाटलं.

शेवटी काकूंनीच हट्टानं पुन्हा करायला लावलं. आता रोज चारला काका गॅलरीत त्यांचा हात मांडीवर घेतात आणि एकेका बोटाला क्रीम चोळतात.

"खाज आहे अजून?"

"आहे स्वल्प."

काकांचा चेहरा उतरतो.

परवा काकूंनी मला बाजूला घेतलं. "हात बरे होऊन महिना झाला. यांना सांगू नकोस हं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधी हात धरून बसले नव्हते रे."

काका, झोपा आता निवांत, असं सांगायला मी रोज जिन्याशी जातो. आणि न सांगताच परत येतो.