आम्ही म्हणे रेट्रो!

संताप साठवायला जागा लागत नाही, हे एक बरं आहे. आमच्या ऑर्केस्ट्रातली आम्ही चार माणसं अजूनही अधूनमधून शनिवार पेठेतल्या अमृततुल्यात जमतो. चहा उकळेपर्यंत कुणीतरी म्हणतं, "परवा काय झालं माहितीये?" झालं! मागचा किस्सा पचलेला नसतो, तोवर हा पुढचा!

आधी माणसं सांगतो. दिगंबर अकॉर्डियन वाजवायचा. रझाकभाई काँगो-बाँगो. शैलाताई गायच्या. आणि मी निवेदक, म्हणजे वाद्यं जुळेपर्यंत लोकांना विनोद सांगून खुर्चीत धरून ठेवणारा माणूस. एके काळी गणपतीत पेठापेठांतून आम्हाला बोलावणं असायचं. मंडप भरला की लोक समोरच्या गॅलऱ्यांत उभे राहून ऐकायचे. मग कीबोर्ड आला, मग सीडी आली, मग रीमिक्स आलं, आणि सगळं संपल्यावर आयटीवाल्यांना आमची आठवण आली!

* * *

कीबोर्डपासून सुरुवात करू. कर्वेनगरमधल्या एका सोसायटीत गणपतीचा कार्यक्रम ठरवायला दिगंबर आणि मी गेलो होतो. सेक्रेटरींनी बसा म्हणायच्या आधीच एक नवाकोरा कीबोर्ड समोर ठेवला.

"मेव्हण्याने सिंगापूरहून आणलाय. व्हायोलिन, बासरी, तबला, तुमचं ते अकॉर्डियन, सगळं आहे यात. एक बटण दाबलं की तुमचा एक माणूस कमी!"

अहो, अकॉर्डियनच्या पट्ट्याचा वळ दिगंबरच्या खांद्यावर कायमचा उमटलाय! आणि हे गृहस्थ त्याच्या तोंडावर माणसं कमी करतायत!

दिगंबर मान वाकवून कीबोर्ड न्याहाळू लागला. बराच वेळ. शेवटी म्हणाला, "यात सेक्रेटरीचं बटण कुठलं?"

"का हो?"

"नाही, बंद कुठून करायचं ते बघतोय."

कार्यक्रम अर्थातच मिळाला नाही.

* * *

रीमिक्सचा धुमाकूळ चालू होता तेव्हाची गोष्ट. बुधवार पेठेतल्या एका मंडळात शैलाताईंनी एक जुनं, संथ गाणं घेतलं. पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच पुढच्या रांगेतून एक कॉलेजकुमार ओरडला, "काकू, ओरिजिनल म्हणा ना!"

शैलाताई थांबल्या. माइकवरूनच म्हणाल्या, "अरे, हेच ओरिजिनल आहे. तुझ्या आईच्या लग्नाआधीचं."

"नाही हो काकू! ओरिजिनलमध्ये मधेमधे ढिंच्याक ढिंच्याक येतं!"

हे ऐकून रझाकभाईंचं डोकं फिरलं. एरवी इतका सभ्य माणूस, पण त्यांनी रागाने काँगोवर दोन्ही हात आपटले. एकदा आपटले, परत आपटले, आपटतच राहिले.

"हां! आता कसं!" पोरगा किंचाळला, आणि अख्खा मंडप उठून नाचायला लागला.

रझाकभाई आजही हे सांगताना लालबुंद होतात. "मी बडवत होतो हो! आणि हे नाचत होते!"

* * *

जुनं गाणं म्हणजे नक्की किती जुनं, हे मला एका एफएमवरच्या मुलीने शिकवलं. फर्माइशीच्या कार्यक्रमात मी एकदा फोन लावला आणि चक्क लागला.

"हाय अंकल! कुठल्या काळातलं ऐकणार? नाइन्टीज?"

"त्याच्या आधीचं."

"ओह माय गॉड! एटीज?"

"त्याच्याही आधीचं."

पलीकडून अत्यंत काळजीच्या सुरात, "अंकल, त्याच्या आधी रेकॉर्डिंग होतं?"

मी म्हटलं, "नाही. गायक घरोघरी येऊन म्हणून जायचे."

"सो स्वीट!" म्हणाली.

* * *

आणि मग हिंजवडीहून फोन आला. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत 'रेट्रो डे' होता. आम्ही हरखलो. खोटं कशाला बोलू! शैलाताईंनी ठेवणीतली साडी काढली. दिगंबर, रझाकभाई आणि मी, तिघांनी सफारी चढवले. कार्यक्रमाला आम्ही नेहमी सफारीच घालतो.

गेटवर एचआरची मुलगी धावत आली. रझाकभाईंच्या सफारीचं कापड दोन बोटांत धरून म्हणाली, "वॉव! कॉलर बघा ना! सर, कुठून रेंट केला?"

"रेंट?" रझाकभाई म्हणाले. "माझ्या निकाहात सासऱ्यांनी शिवून दिलाय!"

"अमेझिंग! टोटल व्हिंटेज!"

मग काय, फोटोंसाठी रांग लागली. कुणी आमच्या खांद्यावर हात टाकतंय, कुणी माझा भांग बघून हसतंय. अहो, आम्ही व्हिंटेज वगैरे काही नव्हतो! नुसते इस्त्री करून आलो होतो!

* * *

त्याच ठिकाणी त्या एचआरच्या मुलीने शैलाताईंना सूचना केली, "मॅम, फक्त मुखडे घ्या हं. अंतरा सुरू झाला की लोक फोन बघायला लागतात."

शैलाताई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. अगदी हळू विचारलं, "लग्न झालं का गं तुझं?"

"नेक्स्ट मंथ आहे, मॅम!"

"छान. मग अंतरपाट धरला की फोटो काढा आणि घरी जा. पुढचं कशाला उगीच?"

* * *

पण दिगंबरचा किस्सा या सगळ्यांच्या वरचा.

दुसऱ्या एका कंपनीचा फॅमिली डे होता. रविवार सकाळ, हिरवळीवर मंडप, व्हिडिओ शूटिंग. तिथे गेल्यावर कळलं की गाणी तयार ट्रॅकवर होणार. शैलाताईंनी गायचं आणि बाकीच्यांनी नुसतं वाजवल्यासारखं करायचं.

"तुम्ही लूकसाठी आहात, सर," कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली.

रझाकभाई तिथूनच परत निघाले होते. शैलाताईंनी कसंबसं थांबवलं. दिगंबर मात्र अकॉर्डियन गळ्यात अडकवून स्टेजवर जाऊन उभा राहिला. भाता मिटलेला राहावा म्हणून असतो तो पट्टासुद्धा त्याने सोडला नाही. बंद अकॉर्डियन घेऊन नुसता उभा! आणि लोक टाळ्या वाजवतायत!

तिसरं गाणं सुरू झालं. त्यातला अकॉर्डियनचा तुकडा म्हणजे एके काळी दिगंबरची ओळख. तो ट्रॅकवर वाजला आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी आपटून ओरडले, "खोटं आहे हे! दिगंबर वाजवत नाहीये! मी याला शनिवार पेठेत उभं राहून ऐकलंय!"

सगळे वळून बघायला लागले. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा, कंपनीतला बडा साहेब, ओशाळून लोकांना म्हणाला, "सॉरी, बाबांना हल्ली नीट समजत नाही." आणि त्यांचा हात दाबून दटावलं, "बाबा, बसा! वाजवतायत ते!"

"नाही वाजवत!" आजोबा म्हणाले. पण ते बसले. एवढ्या माणसांत कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा माणूस जसा बसतो तसे बसले.

दिगंबर स्टेजवरून खाली उतरला. ट्रॅक चालूच, शैलाताई गातायत. हा सरळ आजोबांच्या खुर्चीपाशी गेला, गवतावर गुडघा टेकला, पट्टा सोडला, भाता उघडला आणि माइक नाही, काही नाही, त्यांच्या कानाशी तो तुकडा वाजवायला लागला. स्पीकरच्या दणदणाटात आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. फक्त आजोबांची मान डोलताना दिसत होती.

एवढ्यात ती मुलगी व्हिडिओवाल्याजवळून धावत आली. दोन्ही हात हलवत, जिवाच्या आकांताने ओरडत,

"सर! सर! तुम्ही फ्रेमच्या बाहेर गेलात!"